मला सोडून सगळ्यांना

१८ फेब्रुवारी

शिवांगी सकाळच्या फ्लाइटनं तिच्या घरी अ‍ॅशबर्नला परत गेली. जाताना ही डायरी माझ्या हातात कोंबून गेली. "आई, रोज थोडं लिही. फीलिंग्ज आत ठेवू नकोस." फीलिंग्ज म्हणे! माझ्या आत सध्या एकच आहे, राग. तर घ्या, तो लिहिते.

हे गेले चार तारखेला, मंगळवारी, कोरसच्या प्रॅक्टिसला निघता निघता. पलंगावर बसून मोजे घालत होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मफलर घ्या हो, बाहेर मरणाची थंडी आहे!" उत्तर नाही. मला वाटलं, नेहमीसारखे गुणगुणत असतील. पोळी तव्यावरून उतरवून जाऊन बघते तर आडवे, एक मोजा पायात, एक हातात. हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली, कुणालाही काही करता आलं नसतं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

परवा तेरावा झाला. गुरुजी पार्सिपनीहून झूमवर. हॉलमध्ये एका बाजूला सतरंजीवर आपली मराठी मंडळाची माणसं, दुसऱ्या बाजूला डायनिंगच्या खुर्च्यांवर यांच्या कोरसमधले गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या मांडीवर हॉटडिशचं, म्हणजे त्यांच्या त्या भाजलेल्या बटाट्याचं, गरम भांडं. पिंडाचा भात मांडलेला, आणि ही मंडळी हसतायत! चार्ली एकदा असं म्हणाला, चार्लीनं एकदा तसं केलं. यांचं नाव चारुदत्त. पण कोरसमध्ये सगळे चार्ली म्हणत आणि हे खुशाल ओ देत. जन्मभर गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे पंप डिझाइन केले, आणि रिटायर झाल्यावर ल्यूथरन चर्चच्या तळघरात जाऊन खर्जात गायला लागले. सोलापूरचा माणूस, ख्रिसमसला लाल टाय लावून नर्सिंग होममधल्या आज्यांना गाणी ऐकवायचा.

सगळ्यांचं पालुपद एकच, किती आनंदी माणूस! माझी मैत्रीण रत्नासुद्धा गळ्यात पडून म्हणाली, "लता, तू भाग्यवान गं." भाग्यवान, डोंबल माझं! आनंदी माणसाबरोबर संसार करून बघा एकदा. छप्पर गळलं, हसले. नोकरी गेली तेव्हाही हसले, वर मलाच आइस्क्रीम खायला घेऊन गेले. मी रडायला लागले की नकला सुरू. एवढ्या वर्षांत या माणसाशी मला एकदा धड कडाकडा भांडता आलं नाही.

२२ फेब्रुवारी

फर्नेस बंद पडली, घर गारठलं. रात्रभर तीन गोधड्या घेऊन बसले. सकाळी रत्नाला फोन केला, तिचा मुलगा यतीन आला बिचारा बर्फातून. खाली गेला, दहा मिनिटांत चालू. म्हणाला, "काकू, फिल्टर चोंदला होता फक्त. काकांनी दाखवलं नव्हतं का?"

दाखवलं होतं की. गेल्या ऑक्टोबरात एके दिवशी संध्याकाळी मला हाताला धरून तळघरात नेलं. "लता, हे बघ, इथून ओढायचा, इथून घालायचा, बाण आतल्या बाजूला." मी म्हटलं, "मला कशाला सांगताय? तुम्ही आहात ना?" तर म्हणाले, "समज, नसलो." ऐन दिवेलागणीला! मी सरळ सांगितलं, असलं अभद्र माझ्या घरात बोलायचं नाही, आणि वर निघून आले. मागून हसण्याचा आवाज आला. नेहमीचंच.

आणि त्याच महिन्यात ते ड्रायव्हिंगचं खूळ. मी कधी गाडी शिकले नाही. लायब्ररीत नोकरी केली तेव्हाही हेच सोडायचे, हेच आणायचे. आणि सत्तरीत यांना माझा कळवळा आला. रविवारी दुपारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला स्टिअरिंगवर बसवलं. गाडी चढली कडेच्या फुटपाथवर, मी किंचाळले, आणि हे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "नापास! पुढच्या रविवारी परत." मी म्हटलं, पुढचा रविवार गेला खड्ड्यात. बाईमाणसाचं म्हातारपणी हसं करायची हौस, दुसरं काय!

आता दूध आणायचं तरी रत्नाची वाट बघावी लागते.

४ मार्च

आज जे कळलं ते लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी मार्लिस आली, कोरस चालवते ती, शाळेत गाणं शिकवायची पूर्वी. बरोबर ड्वेन. हा ताडमाड उंच, स्कूल बस चालवून रिटायर झालेला, बोलताना कान लाल होतात. मी आल्याचा चहा केला. मार्लिस म्हणाली, चार मेला, रविवारी, चर्चमध्ये स्प्रिंग कॉन्सर्ट आहे. या वर्षीचा कार्यक्रम चार्लीच्या नावानं करतोय. तू दोन शब्द बोलशील का? काहीतरी आनंदी, त्याला आवडेल असं.

मी म्हटलं, बघते.

मग ती डोळे पुसत म्हणाली, चार्लीनं सगळं किती सोपं करून ठेवलं आमच्यासाठी! सप्टेंबरात प्रॅक्टिसच्या शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, मित्रांनो, माझी पोटातली मेन लाइन फुगलीय. बदलावी तर किडन्या ऑपरेशन झेपू देणार नाहीत. आज फुटेल, नाहीतर दोन वर्षांनी. पण इंजिनिअर माणूस राखीव पंप बसवल्याशिवाय पाणी सोडत नाही. तेव्हा माझा राखीव पंप हा, आणि त्यानं ड्वेनकडे बोट केलं. दर मंगळवारी प्रॅक्टिसनंतर थांबून ड्वेनला खर्जाच्या सगळ्या ओळी त्यानंच शिकवल्या.

ड्वेनचे कान लालभडक झाले. दोघंही हसत होती आणि रडत होती.

सप्टेंबर. माझ्या हातातली बशी खाली ठेवता येईना. चाळीस माणसं त्या तळघरात. चाळिसांना ठाऊक. मला सोडून सगळ्यांना.

आणि मी काय केलं? "हो, हो," म्हटलं. जणू मलाही ठाऊकच होतं. बायको आहे ना मी! चहा आणखी देऊ का, असंही विचारलं. लाज वाटली मला. नवऱ्याचं मरण परक्या बाईकडून ऐकायचं, आणि वर अजाण दिसू नये म्हणून हसायचं.

५ मार्च

शिवांगीला फोन केला. सरळ विचारलं, "बाबांच्या पोटातल्या त्या नसेचं तुला ठाऊक होतं?"

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला.

"शिवांगी!"

"आई... थँक्सगिव्हिंगला सांगितलं बाबांनी."

थँक्सगिव्हिंगला मी या मुलीला पुरणपोळ्या करून वाढत होते. बापलेक भांडी घासायला म्हणून किचनमध्ये उभे होते केवढा तरी वेळ. मी बाहेरून ओरडलेही, किती साबण घालताय!

"आणि मला?"

"त्यांनी प्रॉमिस घेतलं होतं. आय हेटेड इट, आई. ते म्हणाले, मीच सांगणार तिला. ते ट्राय करत होते."

"ट्राय? तोंड होतं ना त्यांना? अख्ख्या कोरसपुढे बोलायला होतं की!"

"आई, लिसन..."

मी फोन ठेवला. परत वाजला तो घेतला नाही.

१२ मार्च

गेला आठवडाभर डोकं फोडून आठवतेय. ट्राय करत होते म्हणे! कधी? कुठे? एकदाही नाही. मी काही बहिरी नाही.

दिवाळीत चकल्या पाडत होते तेव्हा शेजारी येऊन बसले. "लता, मेन लाइन एकदा फुगली ना, की काही वेळा ती बदलता येत नाही. मग काय करायचं, जपून दाब ठेवायचा आणि..." मी म्हटलं, ऑफिस सुटून दहा वर्षं झाली, फराळाच्या वेळी तुमचे पाइप नकोत. उठून गेले. जाताना एक चकली उचलली. आता ह्याला सांगणं म्हणायचं? मला काय कळणार, कुठल्या गावच्या पाइपाबद्दल बोलतायत!

डिसेंबरात गाडीत एकदा विचारलं, "पुढेमागे शिवांगीकडे राहशील का गं तू?" मी रेडिओ लावला. बर्फात गाडी चालवताना माणसानं रस्त्याकडे बघावं.

संक्रांतीच्या सुमाराला चहा झाल्यावर माझा हात धरला. हात धरायची आमच्यात पद्धत नाही. "बस जरा, बोलायचंय." मी हात सोडवून कपबश्या उचलल्या. मी म्हटलं, "हे बघा, काही वाईटसाईट असेल तर मला सांगू नका, माझं बीपी चढतं." मग सोलापूरच्या त्या टांगेवाल्याची नक्कल करून दाखवली, शंभरदा दाखवलेली. मीही हसले.

बस. एवढंच. शोधून शोधून एवढंच सापडतं. खरंच सांगायचं असतं तर पुरुषासारखं ठणकावून सांगितलं असतं. दार लावून, समोर बसवून. मी काय, कान झाकून पळाले असते?

मला निरोप देता आला असता. ते हिरावून घेतलं यांनी. शेवटचे पाच महिने मी या माणसाला काय काय बोलले! टॉवेल ओला टाकला म्हणून, जोरात गुणगुणले म्हणून, दूध उतू घालवलं म्हणून. ठाऊक असतं तर बोलले असते का? सगळ्यांनी त्यांच्याशी जपून, गोड वागून घेतलं. वाईट मी एकटी ठरले.

१० एप्रिल

बर्फ अजून पडतोय, एप्रिल आला तरी. गेल्या महिन्यात लिहिण्यासारखं काही झालं नाही. शिवांगी रोज फोन करते, मी हवापाण्याचं बोलते.

आज सकाळी बेल वाजली. दारात ड्वेन, हातात टोपी. म्हणाला, "मिसेस लता, रस्ते आता बरे आहेत. गुरुवारी गुरुवारी येत जाऊ का? ड्रायव्हिंगला?"

मी म्हटलं, कसलं ड्रायव्हिंग?

तर म्हणाला, चार्लीनं मागेच सांगून ठेवलंय. वसंत आला की तिला गाडी शिकव, माझ्यावर ती फार ओरडते, तुझ्यावर ओरडणार नाही. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी, मला घाई नसते कशाची.

म्हणजे मलाही याच्याकडे सोपवून गेले! गाण्याच्या ओळींसारखी! मला न विचारता, माझ्याशी एक अक्षर न बोलता माझी व्यवस्था लावली, आणि ह्या परक्या माणसाबरोबर मी हसते कशी, ओरडते कशी याची चर्चाही केली.

मी म्हटलं, "नो, थँक यू," आणि दार लावलं. खिडकीतून बघितलं तर तो बराच वेळ ड्राइव्हवेमध्ये उभा होता. मग त्यानं फावडं घेतलं, पायऱ्यांवरचा बर्फ काढला आणि गेला. मी काही काढायला सांगितलं नव्हतं.

२७ एप्रिल

शिवांगीनं भाषण लिहून पाठवलं. इंग्रजीत, दोन पानं, मोठ्या अक्षरात, चष्मा नको म्हणून. छान लिहिलंय. त्यांचं हसणं, पंप, खर्जातला आवाज, आमच्या लग्नात बॅंडवाल्याची क्लॅरिनेट घेऊन कसे वाजवायला गेले, सगळं आहे. शेवटी आहे की अशा माणसाबरोबर आयुष्य काढायला मिळालं याबद्दल मी कृतज्ञ आहे.

मी फोनवर म्हटलं, "शेवटचं वाक्य मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणशील, आई?"

"ते तिथं गेल्यावर ठरवीन."

"आई, प्लीज. इट्स अ मेमोरियल. नॉट अ कोर्ट."

कोर्ट नाही कसं? जिथं माझा अपमान झाला, तिथंच मला बोलायचंय. एकदा, चारचौघांत, या माणसाला तोंडावर विचारायचंय. घरात भांडायला गेलं की हसून पळायचा. तिथून कुठं पळणार? यापलीकडे मला त्या कार्यक्रमाकडून काही नको.

४ मे

झालं ते लिहून ठेवते. झोप काही यायची नाही.

चर्च गच्च भरलं होतं. आपली मंडळाची माणसंही होती बरीच, रत्ना, यतीन, सगळी तिसऱ्या-चौथ्या रांगेत, रंगीत साड्या आणि कुडते घालून, कारण निमंत्रणात तसंच लिहिलं होतं. शिवांगी आदल्या दिवशीच आली होती. तिनं मला मोरपंखी साडी नेसवली. मी नेसले, कुठं वाद घाला.

कोरसनं तीन गाणी म्हटली. यांच्या जागी ड्वेन उभा होता. यांच्यासारखाच एक पाय पुढे टाकून. आवाज बरा आहे.

मग मार्लिसनं माझं नाव घेतलं. शिवांगी हाताला धरून वर घेऊन गेली, माझ्या शेजारी उभी राहिली. माइक माझ्या हातात, कागद समोर. पहिली ओळ वाचली, सगळे हसले. दुसरी वाचली, पुन्हा हसले. आणि त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. कागद बाजूला ठेवला आणि तोंडातून मराठीच बाहेर पडलं. इंग्रजीत मला भांडता येत नाही.

"चारुदत्ता," मी म्हटलं. पन्नास वर्षं 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. तिसऱ्या रांगेत कुणीतरी श्वास ओढलेला ऐकू आला. "चारुदत्ता, अरे, काय समजलास तू मला? शेजारी झोपत होतास ना रोज? या सगळ्यांना सांगितलंस. पोरीला सांगितलंस. गाणाऱ्यांना राखीव माणूस दिलास, आणि मला? मला नकला दाखवल्यास! एकदा म्हणाला असतास, लता, मी जाणार आहे. मी रडले असते, आकांत केला असता, दोन दिवस जेवले नसते. मग उठले असते की नाही? तुझ्याजवळ बसले असते. तुझं ते दळभद्री गाणं ऐकायला एखाद्या मंगळवारी आले असते. एकदाही आले नाही मी, ठाऊक आहे तुला? मला वाटायचं, आहेत अजून पुष्कळ मंगळवार. माझे मंगळवार खाल्लेस तू. सगळ्या जगाला हसवत गेलास आणि मला असं बावळटासारखं मागे ठेवलंस. मी तुला माफ करणार नाही. ऐकतोयस का? नाही करणार."

मग मला धाप लागली.

समोर सगळे गोरे रडत होते. एक अक्षर कळलं नव्हतं, पण रुमाल काढून रडत होते. मार्लिसनं छातीवर हात धरला होता. आपल्या लोकांनी माना खाली घातल्या होत्या. रत्ना तर पदर तोंडाला लावून बसली होती. नंतर पार्किंगमध्ये म्हणालीच मला, "लता, अगं भर सभेत अरे-तुरे? गेलेल्या माणसाला?" मी म्हटलं, जिवंतपणी ऐकलं असतं तर आत्ता वेळ आली नसती.

पण ते नंतरचं. तेव्हा मार्लिस हळूच म्हणाली, शिवांगी, आम्हाला सांगशील का, आई काय म्हणाली?

शिवांगी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा. मला वाटलं, आता ही त्या दोन पानांतलं शेवटचं वाक्य म्हणणार, कृतज्ञ वगैरे. माइक मी सोडला नव्हता, ती तशीच वाकली आणि इंग्रजीत बोलली. सावकाश, मला नीट कळेल असं.

म्हणाली, माझी आई म्हणतेय की बाबांनी तिला सांगायचा प्रयत्न केला. पुष्कळदा केला. तिला ते ऐकवेना. तिला इतकी भीती वाटत होती की तिनं त्यांना एकदाही बोलू दिलं नाही. आणि ती म्हणतेय की त्याचं तिला वाईट वाटतं.

हे मी कधी म्हटलं? यातलं एक तरी वाक्य माझं होतं का? मला इंग्रजी येतं, चांगलं येतं, लायब्ररीत अठरा वर्षं काढलीत. माइक माझ्याच हातात होता. तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, नो, दॅट इज नॉट व्हॉट आय सेड. सगळे माझ्याकडे बघत होते, थांबून होते. मी काहीच बोलले नाही. का कोण जाणे. धाप लागली होती म्हणून असेल.

मग ते उभे राहिले, सगळेच्या सगळे, आणि कोरसनं शेवटचं गाणं सुरू केलं.

घरी येताना गाडी शिवांगी चालवत होती. तळं ओलांडून आमच्या रस्त्याला लागलो तेव्हा ती म्हणाली, "चिडलीस?"

मी म्हटलं, "चिडू कशाला? लहानपणी तुला रविवारच्या मराठी शाळेत नियमानं पाठवलं असतं तर आज ही वेळ आली नसती. काहीच्या काही सांगितलंस. तुझं मराठी कच्चं आहे."

तिनं गाडी ड्राइव्हवेमध्ये घेतली, बंद केली. हात स्टिअरिंगवर तसेच.

"माझं मराठी चांगलं आहे, आई," ती म्हणाली. एक इंग्रजी शब्द नाही. "बाबा माझ्याशी मराठीतच बोलायचे. मला सगळं कळतं."

मग आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो. कुणी उतरेना.